काचेवर पालथी माणसं

मी एक स्कॅनर बोलतोय. सपाट काचेचा, वर झाकण असलेला, हळू चालणारा. हळू हा शब्द लोक माझ्या तोंडावर बोलतात, म्हणून मीच आधी सांगून टाकला.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीटसं आठवत नाही. आठवते ती राजधानी बिश्केकमधली एक कचेरी. तिथं माझ्या काचेवर वर्षानुवर्षं नुसती बिलं पडली. पुढं कचेरीत नवं यंत्र आलं आणि मी दूर डोंगरातल्या नारीन गावच्या बाजारात, जुन्या वस्तूंच्या दुकानात एका इस्त्रीशेजारी येऊन पडलो. तिथं माझ्याशी कुणी बोललं नाही. इस्त्री तर मुळातच अबोल.

एके दिवशी सायराकान आपा आली. डोक्याला पांढरा रुमाल, काखेत पिशवी, बरोबर शेजारची बाक्तीगुल. आपा विधवा, घरात एकटी. एकुलता एक मुलगा तालाय बायकामुलांसह मॉस्कोत. घरातले जुने फोटो तिला त्याला पाठवायचे होते.

दुकानदारानं माझ्या शेजारचं नवं यंत्र पुढं केलं. “हा घ्या. फोटोंची चवड या फटीत लावा, चहा पिऊन होईतो सगळे पलीकडून बाहेर!”

“आपा, हाच घेऊ,” बाक्तीगुल लगेच भुलली. “नाहीतर मला सगळा हिवाळा तुमच्याकडे बसावं लागेल.”

“बस की. तुझ्या घरी कोण रडतंय?” असं म्हणत आपानं पिशवीतून एक फोटो काढला. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा वळलेल्या, मधोमध तडा. “हा जाईल फटीतून?”

“जाईल की.”

“आणि येईल कसा?”

आपानं माझं झाकण उचललं आणि रुमालाच्या टोकानं काच पुसली. कितीतरी दिवसांनी मला कुणी हात लावत होतं. खोटं कशाला बोलू, मला भरून आलं.

“त्याच्यात माणूस ओढला जातो, याच्यावर निवांत पडतो,” ती म्हणाली. “हा दे.”

“आजी, हा फार हळू आहे हं.”

“मला तरी कुठं जायचंय?”

असा मी तिच्या घरी आलो. बाक्तीगुल आपला लॅपटॉप घेऊन यायची, शेगडी धगधगायची, चहाच्या वाट्या भरायच्या आणि आपा एकेक फोटो माझ्या काचेवर ठेवायची. माझ्यासमोर माणसं पालथी पडतात. तिला कोऱ्या पाठी दिसत, मला चेहरे. घोड्यावरचे, लष्करी कोटातले, लग्नात घाबरलेले. बिलांपेक्षा माणसं फार बरी.

अडचण आली ती नावांची. प्रत्येक फोटोला नाव द्यावं लागतं, आणि आमच्याकडं सून नवऱ्याचं किंवा सासरच्या थोरांचं नाव तोंडानं घेत नाही. आपा त्या घरात नवरी म्हणून आल्यापासून तिनं ती नावं कधी उच्चारली नव्हती.

“हे कोण, आपा?”

“गिरणीवाले.”

“आणि हे?”

“थोरल्या घरचे.”

“अहो, थोरल्या घरचे म्हणजे कोण? मी पडले परगावची!”

“तू लिही गं. ज्याला कळायचं त्याला कळतं.”

बाक्तीगुल कंटाळली. आपाच्या सासऱ्यांचं नाव सातारकुल, एवढं तिनं गावात ऐकलेलं होतं. एका भारदस्त मिशांच्या म्हाताऱ्याखाली तिनं ते अंदाजानंच, बिनधास्त ठोकून दिलं आणि फोटो मॉस्कोला रवाना झाले.

पुढच्याच गुरुवारी तालायचा फोन आला. पडद्यावर तो हसत होता. “आई, बघ! आजोबांचा फोटो मोठा करून लावला. हिनं त्यांच्या नावानं कणकेचे बोरसोक तळले, पोरांनी दुवा मागितली.”

आपानं त्याच्यामागच्या भिंतीवरचा फोटो पाहिला आणि तिचा चेहराच उतरला. “अरे, हे ते नव्हेत! हे गिरणीवाले. मामंजी यांच्याशी जन्मभर बोलले नाहीत, आणि तू त्यांचं तळण यांच्यापुढं मांडलंस!”

“मग आजोबा कोणते?”

“उंच. टोपीवाले.”

“सगळ्यांनाच टोपी आहे गं आई. एकेकाचं नाव घेऊन सांग ना.”

“तुझे वडील असते तर त्यांनी सांगितलं असतं.”

“बाबा नाहीत. काका नाहीत. कुणाला विचारू? तू गेलीस की ही सगळी माणसं माझ्या पोरांना नुसते म्हातारे.”

फोन आटपेपर्यंत चहा गार झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं सगळे फोटो पुन्हा काढले. रुमाल कपाळावर ओढला, नव्या नवरीसारखा. पहिला फोटो माझ्यावर ठेवला आणि पुटपुटली, “मामंजी, पोटात घाला.” मग मोठ्यानं म्हणाली, “सातारकुल.”

बाक्तीगुलनं मान वर केली नाही. गुपचूप लिहिलं. तिला शहाणपण आहे, फक्त उशिरा येतं.

मग एकामागून एक नावं आली. गिरणीवाल्यांचं, थोरल्या घरच्यांचं. प्रत्येक नावाआधी माफी. संध्याकाळपर्यंत आपाचा आवाज बसला, पण एक सोडून एकही चेहरा बिननावाचा राहिला नाही.

शेवटी एका तरुणाचा फोटो उरला, कानाशी फूल खोचलेला.

“याला राहू द्या, आपा,” बाक्तीगुल हळूच म्हणाली. “तालाय बापाला ओळखतो.”

काम संपलं. बाक्तीगुल लॅपटॉप घेऊन गेली आणि तिचं येणंही कमी झालं. मी कपाटावर आहे, अंगावर आपानं भरतकाम केलेला कापडी तुकडा. आता माझ्याकडं कुणाचं काही काम नाही. तालाय म्हणतो, पुढच्या उन्हाळ्यात येऊ. मागच्या वेळीही असंच म्हणाला होता.

लोकहो, तुमच्याकडं फोटो असतील आणि त्यांतले चेहरे ओळखणारं कुणी असेल, तर यंत्र कुठलंही घ्या, पण त्या माणसाशेजारी जाऊन बसा. माझं एवढंच मागणं.

काल दुपारी आपानं मला खाली उतरवलं. वायर जोडलेली नव्हती. झाकण उघडून तिनं तो फूलवाला फोटो काचेवर ठेवला, वर तळहात ठेवला आणि त्याला नावानं हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, कुणी शेतातून घरी बोलवावं तशी. घरात ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि ऐकलेलं साठवायची सोय माझ्यात नाही.