बाबांच्या पानावरची चटणी

माझे सासरे किशनराव तीस वर्षं एकाच जातीचे गावरान टमाटे लावत. लिंबाएवढे, आंबटढाण. बियाणं दुकानातून कधी आणलं नाही. पिकल्या टमाट्याचा गर दोन दिवस पाण्यात आंबवायचे, बी तळाशी बसलं की धुऊन राखेत घोळायचे. ताटात हिरव्या टमाट्याची चटणी नसली की घास उतरायचा नाही त्यांचा.

ते गेल्यावर हे पहिलंच पित्र. मी चटणीसाठी टमाटे तोडून आणले आणि चुलत सासऱ्यांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, शेषेरावांनी, ओसरीवरूनच ते पाहिले.

"पित्राच्या पानाला टमाटा चालत न्हाई, उज्वला. इलायती वांगं हाय ते. पानावर दिसलं तर भावकी उठून जाईल."

भावकी उपाशी उठली तर सासूबाईंना वर्षभर तोंड दाखवायची चोरी. त्या खाली मान घालून वडे थापत होत्या. मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. जन्मभर ज्या माणसाने टमाटे पिकवले, त्याच्याच पानावर टमाटा नको?

मी भोकरच्या शाळेत विज्ञान शिकवते. म्हटलं, ठीक आहे काका, विलायती काही चालणार नाही. स्वयंपाकघरात गेले आणि मिरचीची परडी बाजूला सारली. ती टमाट्याच्याच मुलखातून, समुद्रापलीकडून आलेली. शेंगदाण्याचा कूट झाकून ठेवला. बटाटा गेला, लाल भोपळाही गेला. मिरी आपली होती, पण रागाच्या भरात ती सुचलीच नाही.

बाबांचं पान गोठ्याच्या पत्र्यावर ठेवून झालं. मग भावकीची पंगत बसली. पांढरीफेक कढी, फिके वडे, मीठ घातलेलं दोडकं. पहिल्या घासाला सगळे एकमेकांकडे बघू लागले. कोणी मीठ मागितलं, कोणी पाणी. खीर मात्र भराभर संपली.

शेषेरावांनी अर्धी भाकरी कशीबशी ढकलली. मग मान वर न करता म्हणाले, "जरा मिरची आन बरं."

"मिरची विलायती आहे, काका. टमाट्याच्या गावची. शेंगदाणाही तिकडचाच. तुम्ही सांगितलं म्हणून मी सगळंच काढलं."

"मिरची कशी इलायती? मिरची आपली हाय की. आज्यापासून खातोय आपण."

"आणि बाबांनी तीस वर्षं राखेत घोळून जपलं, ते कुणाचं?"

मी उत्तर ऐकायला तशीच उभी राहिले, आज कुणाच्याही धाकाने हलणार नव्हते.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. परडीतल्या चार मिरच्या, मूठभर दाणे आणि माझे हिरवे टमाटे तव्यावर परतले, पाट्यावर वाटले. चटणीचा वास ओसरीभर पसरला. वाटी घेऊन त्या पंगतीत आल्या तसा शेषेरावांनी हात पुढे केला.

सासूबाई थांबल्या नाहीत. त्या सरळ गोठ्याकडे निघाल्या.

"थांबा भावजी," जाता जाता म्हणाल्या, "आधी त्यांच्या पानावर वाढते. मग तुम्हाला."

शेषेराव हात पुढे धरून बसून राहिले. उठलं कोणीच नाही.