कोरसमधली भामा

माझी बायको भामा जाऊन चार महिने झाले होते, तेव्हा शेजारच्या काशिरामच्या मुलाची, प्रणितची हळद आली. आमच्या पनवेलच्या कोळीवाड्यात दुखवट्याच्या घराशेजारी हळद असली, की वाजवण्याआधी त्या घरी विचारायला जातात. काशिराम आला, ओट्यावर बसला आणि बराच वेळ जाळ्यांविषयीच बोलत राहिला. शेवटी मीच विषय काढला.

"वाजव रे. आमच्यापायी तुझ्या पोराची हळद मुकी कशाला? ती असती तर झाडू घेऊन आली असती तुझ्यावर."

तो हसला, आणि मग त्याला डोळे पुसावे लागले.

मलाच ती गाणी ऐकायची आहेत, हे मात्र मी त्याला सांगितलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या वाड्यातल्या मंडळींनी हळदीच्या गाण्यांची एक कॅसेट काढली होती. गाणारा बाहेरचा, पण मागचा कोरस आमच्याच चार बायकांचा. त्यात भामा होती. कव्हरवर चौघींची नावं नव्हती, त्याचं तिला काही वाटलं नाही. खाडीत रसायनाचं पाणी उतरलं की मासे मरून वर यायचे आणि तिची मासळीची पाटी रिकामी राहायची. अशा दिवशी ती कॅसेट लावायची आणि भांडी घासताघासता बरोबर गायची. मग माझंही पडलेलं तोंड वर यायचं. पुढे टेपनं ती फीत गिळली आणि टेपही भंगारात गेला. पण काशिरामनं त्या गाण्यांची सीडी करून घेतली होती, आणि वाड्यातली एकही हळद तिच्याशिवाय होत नव्हती.

हळदीच्या संध्याकाळी मी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो. वर्ष सरेपर्यंत मला मांडवात पाऊल टाकायचं नव्हतं, पण मांडव समोरच होता. एकामागून एक आल्बम वाजत गेले. उरणचे, मुंबईचे, मधूनच हिंदी गाणी. पोरं घामाघूम झाली. प्रणितला हळद लागली, पंगत उठली, तरी आमची गाणी लागेनात. काशिरामची बायको गंगाबाई माझ्यासाठी वड्यांचं ताट घेऊन आली, तेव्हा मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"यांनी डीजेवाल्याला बजावलंय," ती म्हणाली, "ती सीडी लावायची नाय म्हणून. तुमाला तरास नको."

मी ताट घेतलं. त्यांनी चांगल्या मनानं केलेलं होतं, ते मोडायचं कसं? शिवाय बायकोच्या दुखवट्यात नवरा गाण्याची फर्माईश करतो, हे लोकांना कसं दिसलं असतं? मी वडे तसेच ठेवून बसून राहिलो.

मग डीजेवाल्यानं माइकवरून सांगितलं की आता शेवटचं गाणं. मी उठलो. मांडवाच्या कडेच्या बांबूपर्यंत गेलो आणि बाहेरच थांबलो.

"काशिराम," मी म्हटलं, "भामाची सीडी लाव."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काशिराम डीजेवाल्याकडे गेला.

गाणं सुरू झालं, पण कोणी नाचेना. कोरसमध्ये भामाच्या शेजारी उभी राहिलेली गुणाबाई तेवढी पुढे झाली. तिनं दोघीतिघींना हाताला धरून ओढलं, तेव्हा बाकीचेही उठले.

गाणाऱ्याची ओळ संपली आणि मागून चौघी आल्या. मी कान दिला. चौघींचा आवाज एकदमच आला. त्यातला भामाचा कुठला, ते मला कळेना. घरी कॅसेट वाजायची तेव्हा ती समोर बसून गात असायची, आणि हळदीत सीडी लागली की मांडवातही. मी तिलाच ऐकत होतो. टेपमधली भामा मी कधी ऐकलीच नव्हती.

गुणाबाई पदरानं मान पुसत माझ्याकडे आली. "भावजी, ऐकलीत ना तिला?"

"ओळखू येत नाय. कुठली गं ती?"

ती कान देऊन उभी राहिली. पुढचा कोरस आला तशी म्हणाली, "ही बघा." मग थोडं थांबून तिनं मान हलवली. "नाय. ही मी हाय."

आणखी एक कडवं गेलं. तिचे पाय थांबलेले होते.

"चौघींचा एकच आवाज आला पायजे, असं आमाला सांगितलं व्हतं," ती हळू म्हणाली. "तेच शिकत व्हतो आमी रोज."

मी तिला नाचायला जा म्हटलं. ती गेली नाही.

गाणं संपलं. काशिरामनं लांबूनच बोट वर करून विचारलं, अजून एकदा? मी मान डोलावली. मांडव पुन्हा नाचायला लागला आणि मी बांबू धरून ऐकत राहिलो. चौघींत एक भामा होती, एवढं तरी खरं होतं.