बिनभोंग्याची लॉरी

…आणि ही चीर, अंगठ्याखाली लागणारी. कालपर्यंत नखाएवढी होती, रबरी गोळ्याच्या देठापाशी. आज शहापूरच्या बाजारातून लॉरी बाहेर काढताना राघोने भोंगा दाबला तर ती ओठ उघडावेत तशी उघडली आणि पितळी कर्ण्यातून आवाज यायच्या ऐवजी नुसतं फुस्स झालं. त्याने पुन्हा दाबला. फुस्स. सायकलच्या ट्यूबची पट्टी, वर सोल्यूशन, त्यावर सुतळी – काल दुपारभर बसून केलेली सगळी मलमपट्टी चुलीत गेली. नवा गोळा मुंबईत मिळत नाही, नाशकात मिळत नाही. रबर सगळं लढाईवर गेलंय म्हणतात. तिकडे तोफा आहेत ना एवढ्या, मग त्यांना पों-पों कशाला लागतं ते कुणीतरी सांगावं.

आणि हे आजच व्हायचं होतं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, तशी ही लॉरी. पेट्रोल मिळेना म्हणून मालकाने, कमळाकरशेटने, तिच्या पाठीवर कोळशाची, धुरावर इंजिन चालवणारी भट्टी बसवली, तेव्हापासून तिला लॉरी म्हणायचं ते जुन्या ओळखीखातर. सकाळी भट्टी पेटवा, हाताने पंखा फिरवत बसा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत फिरवा, मग तिची मर्जी असेल तर इंजिन धडधडणार. चढावर दम, उतारावर खोकला, आणि जरा थांबलं की भट्टी निवणार, की पुन्हा पंखा. कसाऱ्याच्या घाटात परवा एका गाडीवानाने बैल थांबवून विचारलं होतं, ढकलू का म्हणून. तोंडावर विचारलं. राघो, आठ-आठ दिवस नाशिक-मुंबई करणारा माणूस, खाली उतरला, कारण खरोखरच ढकलायला हवी होती.

"बकरीचं फुकणं, मुताची पिशवी, बांध," शेजारून विठू म्हणाला. "सुकवून बांधलं की रबरासारकंच."

विठू हा क्लीनर. क्लीनर म्हणजे पोरसवदा असावा, टणाटण उड्या मारणारा. राघोच्या नशिबी आला तो त्याच्या बापाच्या वयाचा, जन्मभर बैलगाडी हाकलेला, अजूनही लॉरी वळली की 'हुर्र' म्हणणारा. कोळसा ओला आहे की सुका हे तो भट्टीत टाकल्यावर सांगायचा.

राघोने लॉरी पुढे काढली. बकरी मारायला आत्ता वेळ कुठे होता. मिठाची पोती मुरबाडला टाकायची, तिथून पुढे टोकावड्याच्या रानात लाकूड भरायला जायचं – ते सगळं मालकाचं काम. त्याचं स्वतःचं काम एवढंच होतं : टोकावड्याच्या अलीकडे, रस्त्यावरून सासऱ्याचं घर दिसतं तिथे, भोंगा वाजवायचा. आणि बायको बाहेर येते का बघायचं. बस्. एवढं एकच काम माणसाचं, आणि त्यालाच नेमकं भोक पडावं.

मागच्या बाजाराला मेव्हणा भेटला होता, अनंता. चांगला माणूस, म्हणून तर जास्त लागलं. म्हणाला, "दाजी, आमाला तिच्या भाकरीचा भार नाय. पन गाव इचारतो. नेता का सोडता, आखितीच्या आत येकदा सांगा. नायतर पंच बसवू." पंच बसवू म्हणजे काडीमोड, ते काय राघोला कळत नव्हतं? आणि आता आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, तोंडावर, आणि उद्यापासून शेटने लॉरी देवळालीच्या छावणीच्या कामाला लावलेली – इकडची ही शेवटचीच फेरी. आज टोकावडं गेलं की गेलं.

किन्हवलीच्या पुढे गवताच्या गाडीने रस्ता अडवला. गवत असं भरलेलं की बैलांची शेपटंसुद्धा दिसत नव्हती, आणि वर गाडीवान तोंडावर टोपी घेऊन झोपलेला. राघोचा हात आपसूक गोळ्यावर गेला. फुस्स. मग त्याने मान बाहेर काढली आणि शिव्या दिल्या. मनापासून दिल्या. ए गाडीवान, ए कुंभकर्णा, ए भाड्या, तुझ्या बापाचा रस्ता आहे का – एकामागून एक, मोकळ्या गळ्याने, की रानातले होले उडाले आणि बैलांनीच शेवटी गाडी बाजूला घेतली, गाडीवान झोपलेलाच. विठू खूश झाला. "भोंगा कशाला पायजे रे तुला," म्हणाला, "तुजा आवाज हायेच की."

हायेच की. राघोला ते झोंबलं. खरंच, साऱ्या जगाला हाक मारायला आपल्याकडे शब्द आहेत. गाडीवानाला, हवालदाराला, शेटला, कुत्र्याला – आणि तिला? तिथे रस्त्यावर लॉरी उभी करून, सासऱ्याच्या गावात, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या देखत, ओरडून काय म्हणायचं? 'अगो ए' म्हटलं की गावातल्या सगळ्या बायका वळून बघणार. नाव तर घ्यायचं नसतंच. नाव त्याने घेतलं होतं एकदाच, लग्नात, उंबरठ्यावर, बायांनी वाट अडवून घ्यायला लावलं तेव्हा, कसलंतरी जुळवलेलं, लाजून, अर्धं गिळून; त्यावर सगळ्या हसल्या होत्या आणि ती खाली मान घालून अंगठ्याने जमीन टोकरत होती. त्यानंतर गरजच पडली नाही. आधी 'अगो', मग पोर झाली आणि सगळ्यांसारखंच सोपं झालं – शकूचे आये, पाणी आन. शकूचे आये, मी निघालो.

मुरबाडला मिठाची पोती उतरवली. हमालाने एक पोतं फोडलं, मीठ धुळीत सांडलं, दुकानदाराने राघोकडे असं पाहिलं की जणू यानेच दातांनी फाडलं. तोवर भट्टी निवली होती. विठू पंखा फिरवायला बसला. चार फेऱ्यांनंतर त्याच्या खांद्यात कळ आली, मग राघोच बसला, चैत्राच्या भर उन्हात, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. धूर तोंडावर. डोळे चुरचुरत होते. चुरचुरत होते ते धुराने, दुसरं काही नाही.

गेल्या भादव्यात पोर गेली. हिवतापाने. तो नाशिकच्या वाटेवर होता, आणि परत आला तेव्हा… ते असो. ते त्याने स्वतःशीसुद्धा बोललेलं नव्हतं. माणसं आली, बसली, गेली. त्यालाही लॉरीवर जावंच लागलं. आणि मग दिवाळीनंतर एका संध्याकाळी तो जेवायला बसला, दमलेला, आणि सवयीने म्हणाला, "शकूचे आये, भाकर वाढ." तोंडातून गेलं. बाण सुटावा तसं गेलं. तिने भाकरी वाढली, वर कालवण घातलं, ताटाशी पाण्याचा तांब्या ठेवला. दुसऱ्या दिवशी लुगड्याचं गाठोडं घेऊन माहेरी निघून गेली.

आता यात माझं काय चुकलं? सवय जाते का एका दिवसात? आणि म्हणायचं तरी काय होतं दुसरं? रागवायचं तर रागव, भांड, तांब्या फेकून मार. पण असं मुकाट्याने निघून जायचं म्हणजे… त्यानंतर तीन फेऱ्या झाल्या या रस्त्याने. तिन्ही वेळा घरासमोर भोंगा वाजवला, खूप वाजवला, वेग कमी करून. ती आली नाही. लॉरी थांबवली नाही, कारण थांबवली तर भट्टी निवते. मी हाक मारली, तिने ऐकली नाही, मग मी काय करू – असं तीनदा मनाशी म्हणत तो पुढे गेला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला थोडं बरंही वाटलं होतं.

"मी मारू का हाक?" टोकावडं जवळ आलं तसं विठू म्हणाला. त्याला सगळं ठाऊक होतं. लॉरीत काय लपतं. "म्हातारा मानूस, माजं काय जातं? नाव सांग पोरीचं."

पोरीचं म्हणजे बायकोचं; विठूला सगळ्याच बायका पोरी. पण राघोची पोर एकच. तोंडाशी आलं ते शकू. ते त्याने गिळलं, आणि हाक विठूवर सोपवायचा मोह झाला तरी म्हणाला, "नको. गप बस तू."

त्याचा हात पुन्हा त्या फुटक्या गोळ्यावर गेला, दाबायला नव्हे, नुसता. शकूच्या मुठीत तो मावायचा नाही. दोन्ही हातांनी दाबून बघायची, लाल व्हायची, मग पोटच टेकवायची त्यावर, सगळं अंग टाकायची, आणि पों झालं की स्वतःच दचकायची. शहापुरात वळणावर भोंगा वाजला की घरातून धावत सुटायची, उघडी, नाक वाहणारं, मागून आई ओरडतेय, अगो पडशील…

भोंगा वाजला की शकू धावत यायची.

हे त्याला ठाऊकच होतं. पण आत्ता, त्या काळ्या रबरावर हात असताना, ते उलटं फिरून त्याच्यापुढे आलं. तीनदा येऊन मी घरासमोर तोच भोंगा वाजवला. तो ऐकून आत ती काय करत असेल? कुणाची वाट बघत असेल दाराकडे? मी भोंग्याने बोलवत होतो ते कुणाला? आणि त्या संध्याकाळी ताटावर बसून… सवय नव्हती ती. लबाडी होती. पोर गेल्यापासून तिचं नाव घ्यायची छाती नव्हती माझी, आणि ते नाव घरात घ्यायची एकच वाट उरली होती, तिच्या आईच्या हाकेआडून. भाकरी मागायचं निमित्त. हाक मारली ती पोरीला, आणि ओ द्यायची पाळी आली आईवर. ती हे त्याच क्षणी समजली. मला कळायला भोंगा फुटावा लागला.

घर दिसलं. कुडाच्या भिंती, पुढे खळं, खळ्यावर वाळत घातलेली मोहाची फुलं. आणि मोहापाशी कुणीतरी बाई पाठमोरी, वाकलेली. तीच असेल. नसेलही, सासूची चणही तशीच होती. राघोने ब्रेक दाबला. लॉरी थरथरली, खोकली, आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली.

"भट्टी इझंल रे," विठू म्हणाला.

"इझू दे."

"मंग पंखा कोन फिरवनार? शेट काय म्हनंल?"

राघो उतरला होता. रस्त्यावरची धूळ पायाला भाजत होती. पारावरची दोन माणसं बिडी खाली धरून बघायला लागली, एक कुत्रं उठलं. एरवी या गोष्टींनीच त्याचा जीव अर्धा झाला असता. त्याने रुमालाने तोंड पुसलं तर रुमाल काळा झाला. असल्या तोंडाने. पण आता ते कुठे पुसत बसायचं.

बायकोचं नाव अगदी लहान होतं. त्याने ते मनात घेऊन पाहिलं आणि थांबला, कारण आजपर्यंत त्या नावाच्या पुढे शकू उभी होती, आणि आता हे एकटंच घ्यायचं म्हणजे ती नाही हे आपल्याच तोंडाने सांगायचं, भर रस्त्यात, दिवसाढवळ्या. हेच तर नको होतं मला. सगळे दिवस हेच नको होतं, आणि शिव्या मात्र रबराला दिल्या. पंच, आखिती, नेणं-सोडणं – ते सगळं नंतर. ती येईल, नाही येणार. आली तर तिच्याशी काय बोलायचं हेही त्याला माहीत नव्हतं. चल म्हणायला तो आला होता आणि आता तेवढंसुद्धा नक्की राहिलं नव्हतं. तिच्यापाशी बसून एकदा पोरीचं नाव घ्यायचं होतं, एवढं खरं. कुणाच्या आडून नव्हे.

मागे भट्टीतला निखारा कोसळल्याचा आवाज आला आणि इंजिन आचके देत बंद पडलं. एकदम सगळीकडे शांत झालं, इतकं की खळ्यावर मोहाची फुलं खाली-वर करणारा हात ऐकू यावा.

"गोदू," राघो म्हणाला.

पहिल्यांदा फार हळू झालं, विठूलाही ऐकू गेलं नसेल. आवाज फुटका होता. त्याने घसा खाकरला नाही. श्वास घेतला, आणि डोळ्यांतून येत होतं ते येऊ देत, आता धूर नव्हता तरी, पुन्हा हाक मारली, या खेपेला तिथवर पोचेल अशी.