घंटेचा एक टोला

श्रीपाद डोंगराच्या माथ्याला साठ पायऱ्या उरतात, तिथे रझीननानांची चहाची टपरी. यात्रेचे चाळीस मोसम त्यांनी वर जाणाऱ्यांच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवला, हातात आल्याचा चहा दिला. स्वतः मात्र वर गेले नाहीत. टपरी मांडली तेव्हा वडील म्हणाले होते, "माथ्यावरच्या दगडात उमटलेलं पाऊल कुणाचं ते आधी कळू दे, मग जा." वडील तरी वर गेले होते का, हे विचारायचं राहूनच गेलं.

नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. कुणी म्हणे बुद्धाचं, कुणी शिवाचं, कुणी संत थॉमसचं. नानांच्या घरात म्हणत, आदमचं. कशावरून, असं विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "आजी सांगायची."

आता गुडघे गेले होते. मोसमाचा आज शेवटचा दिवस. उद्यापासून टपरी हाताखालच्या सिरिसोमाची.

"पायऱ्यांकडे काय बघताय, नाना? त्या काही खाली येणार नाहीत," फुलं विकणारी कनगम्मा म्हणाली.

"कुणाचं ते अजून कळलं नाही, अक्का."

"खाली बसून कळायचं असतं तर मला नसतं कळलं? जा. किटली मी बघते."

"गूळ बेतानं दे. तुझा हात सैल आहे."

कठड्याला धरून, थांबत थांबत नाना चढले. रांगेतून पुढे जाऊन वाकले, तर पाऊल दिसेचना. पांढरं कापड आणि वर फुलांचा ढीग. टाच कुठे, बोटं कुठे, काही कळेना. दगडाचा काठ तेवढा उघडा होता, कपाळं टेकून टेकून किटलीच्या मुठीसारखा गुळगुळीत झालेला. नानांनी त्यावरून बोट फिरवलं.

"कापड कधी काढता?" त्यांनी तिथल्या राखणदाराला विचारलं.

"मोसम सुरू व्हायच्या आधी. धुवायला."

शेजारी घंटा होती. माणूस जितक्यांदा वर आला, तितके टोले द्यायचे. साठ पायऱ्या कमी पडलेली चाळीस वर्षं त्यात धरता येत नव्हती. नानांनी एकच टोला दिला.

खाली कनगम्मा टोले बोटांवर मोजत बसली होती. "एकच? मला वाटलं संध्याकाळपर्यंत वाजवाल."

"कुणाचं निघालं, नाना?" सिरिसोमानं विचारलं.

नाना गुडघे चोळत बसले. "अक्काची फुलं आड आली. सिरिसोमा, टपरी तुझी. पण कापड धुवायला काढतात, त्या दिवशी मला हाताला धरून वर ने."

"आणि गुडघे?"

"दोन टोल्यांपुरते टिकतील."