कशापायी गेले कान

“रघुजी, स्वल्प कमी करा हो ते गाणं! संध्येला बसलोय मी,” शेजारचे भीमाचार्य दारात येऊन ओरडले.

रघुजीने त्यांच्या ओठांवरून काय ते ओळखले. “तुमची घंटा मला ऐकू येत नाही, आचार्य. हे येतं. हेच तेवढं येतं!” म्हणाला आणि दार धाडकन लावून घेतले.

“शेजाऱ्यांशी असं वागतात का?” बायको, भाग्यलक्ष्मी, चिडून म्हणाली. पण तिचा बारीक आवाज त्याच्यापर्यंत पोचायचा बंद होऊन बरीच वर्षे झाली होती.

शहराबाहेर, के. आर. पुरमच्या पुढे पंख्यांच्या एका कारखान्यात रघुजी पात्यांचा पत्रा कापायच्या प्रेसवर होता. पत्रा सरकवायचा, पेडल दाबायचे, धाड्! ऐन तारुण्यात लागला तो आता निवृत्तीला टेकला होता. आधी पाखरे गेली, मग देवळातले टाळ, मग बायकांची बोलणी. भजनात तो भलत्याच पट्टीत गाऊ लागला तेव्हा मंडळींनी त्याला प्रसाद वाटायला बसवले. गल्लीत नाव पडले, बहिरा रघुजी. कारखान्याचे डॉक्टर म्हणाले होते, “वयोमान.” तेव्हा त्याला चाळिशीही लागली नव्हती.

त्या उन्हाळ्यात मुलगी अक्षरा जयनगरच्या मैत्रिणीकडून एक कॅसेट घेऊन आली. आयर्न पॅरिश नावाचा जुना इंग्रजी बँड. रघुजी जेवत होता. आधी मांडीखालच्या फरशीतून काहीतरी वर आले, मग कानात शिरले. जाडजूड, खालच्या सुरातली गिटार आणि तिच्या पोटात घुमणारा ड्रम. घास हातातच राहिला.

“परत लाव,” तो म्हणाला.

शब्द एक कळला नाही. पण ड्रमवाला कुठे क्षणभर हात आखडता घेतो आणि मग कसा तुटून पडतो, ते त्याला तिसऱ्या खेपेलाच कळले. कित्येक वर्षांनी एखादी गोष्ट त्याला अख्खी ऐकू आली होती.

“हे आता कुठं वाजवतात ग?”

“फुटला की तो बँड, अप्पा. मी जन्मायच्या आधीच.”

“मग आत्ता सांगतेस होय!” घरातले कुणी गेल्यासारखा तो तिच्यावर भडकला.

फूटपाथवरून जुनी इंग्रजी मासिके आणून अक्षरा त्याला अर्थ सांगू लागली. बापाशी बोलताना आवाज चढवायचा नाही, सूर खाली आणायचा, हे तिला ठाऊक होते. बँडमधले चौघेही लोखंडाच्या भट्ट्यांच्या गावातले. दोघांचे बाप भट्टीवरच गेलेले. गाणाऱ्याचे आणि गिटारवाल्याचे पटेना, म्हणून सगळे संपले. एके संध्याकाळी तिने ड्रमवाल्याची मुलाखत वाचली. त्याला आता जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हते. गावोगाव फिरून तो नव्या वादकांना कानात बोळे घालायला सांगत होता. वर मोठ्या अक्षरांत छापले होते, ‘संगीतासाठी त्याने कान वाहिले.’ तो व्यासपीठावर आला की अख्खे सभागृह उभे राही.

“वाहिले?” रघुजीने ताट ढकलून दिले. “आणि मी कशाला वाहिले? पंख्यांच्या पात्यांना? त्याला टाळ्या, मला ‘ए बहिऱ्या’!”

“अप्पा, त्याचा काय दोष?”

“त्याच्यावर कुठं रागावलोय? त्याला सांगणारं कुणी नव्हतं. आमच्याकडं तर कपाट आहे!”

सुपरवायझरच्या केबिनमधल्या कपाटात कान झाकायचे मफ खोकी भरून पडले होते. सरकारी तपासणी आली की वाटायचे, साहेब फाटकाबाहेर गेले की काढून घ्यायचे. मफ घालून माणसे सुस्तावतात म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रघुजीने प्रेस बंद केला.

पुण्याहून आलेला तरुण सुपरवायझर जितेंद्र धावत आला. “काय झालं, रघुजी? ब्रेकडाऊन?”

“मशीन बरं आहे. कपाट उघडा. मफ द्या.”

जितेंद्र हसला. रघुजीच्या कानाशी वाकून म्हणाला, “आता तुम्हाला काय उपयोग त्याचा?”

हे मात्र रघुजीला स्वच्छ ऐकू आले. “मला नाही, यांना! यांना अजून बायकोची हाक ऐकू येते!”

“टार्गेट आहे आज. नाटक नको.”

“मग लावा माझ्या जागी तुमचा पाय पेडलवर. आणि कान उघडे ठेवून लावा!”

शेजारच्या प्रेसवरचा विठोजी दोघांकडे पाहत होता. “सरी, बरोबर आहे,” तो म्हणाला, “मीपण थांबतो,” आणि त्याने पेडलवरून पाय काढला. त्याच्या पलीकडच्यानेही काढला. मग एकेक करत सगळी रांग थांबली.

जेवणाच्या सुट्टीआधी कपाट उघडले. आणि आठवड्याच्या आत रघुजीची बदली फाटकाजवळच्या सायकल स्टँडवर झाली. कारण दिले, वयोमान. त्या दिवशी त्याने घरी येऊन कॅसेटचा आवाज आणखी वाढवला. भीमाचार्य तक्रार घेऊन आले नाहीत.

पुढे काही महिन्यांनी, एके दिवशी पहिली पाळी सुटली. प्रेस शॉपची माणसे एरवी फाटकापर्यंत एकमेकांवर ओरडतच येत, ओरडल्याशिवाय एकाचे दुसऱ्याला कळत नसे. त्या दिवशी विठोजी कानांवरचे मफ मानेवर उतरवून बरोबरच्याला काहीतरी सांगत आला. त्याच्या गळ्याची शीर ताणलेली नव्हती. तो अगदी हळू बोलत होता, आणि दुसरा ऐकून हसला.

सायकलचा बिल्ला हातात धरून रघुजी दोघांच्या ओठांकडे पाहत राहिला. त्याला त्यातले काहीही ऐकू आले नाही.