हात पोचेल अशी गाडी

महायुद्ध संपून देवमन फौजेतून सुटला, तेव्हापासून तो अकोल्याच्या एका जिनिंगवाल्याची लॉरी चालवत होता. एकसष्ट साली मालकानं लॉरी विकली आणि सरकी वाहायचं काम दुसऱ्याला देऊन टाकलं. "तुह्यासारख्या ड्रायव्हरले काय कमी हाये? कुठीबी जाय," एवढं बोलून त्यानं देवमनला मोकळं केलं. देवमन आपली वळकटी घेऊन बाळापूरला घरी आला आणि पंधरा दिवस नुसता बसून राहिला. बायको पंचफुला केशवराव माळ्याच्या मळ्यात भाजी तोडायला जात होती, तिच्या मजुरीवर घर चाललं.

एका संध्याकाळी ती मळ्यातून परतली तेव्हा तिच्या मागोमाग केशवरावच दारात येऊन उभा राहिला. आत बोलावलं तर "इथंच बरं हाये" म्हणून ओट्यावर टेकला.

"देवमन, माही वांगी बैलबंडीत अकोल्याले पोचे पावतर निमी माना टाकतात. बाकीच्या माळ्यायचंही तेच. एक गाडी घेऊ भागीत. पैसा जास्त माहा, थोडा तुहा. माल जमवाचं काम माहं, चालवाचं तुहं."

"कोनती गाडी घ्याची?"

"थे तू सांग. मले त्यातलं काय समजते? तू म्हनशीन थे."

देवमननं आयुष्यात पुष्कळ गाड्या चालवल्या होत्या, पण कोणती घ्यायची हे त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. त्यानं हो म्हटलं.

अकोल्याला स्टेशनाजवळ खुशालरावाचं आवार होतं. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या आणून, दुरुस्त करून तो विकायचा. तिथं कडुनिंबाखाली एक ट्रक उभा होता. देवमननं तो दुरूनच ओळखला. आसामच्या डोंगरात त्यानं असाच ट्रक चालवला होता, चिखलातून, धुक्यातून, शेजारी दरी ठेवून. बॉनेट उघडून त्यानं इंजिन न्याहाळलं, वंगणात बोट बुडवून पाहिलं, हँडल मारलं. दुसऱ्याच झटक्याला इंजिन बोलू लागलं. तो पायरीवर पाय देऊन वर चढला आणि जागेवर बसला. तिथून आवाराची भिंत, पलीकडचा रस्ता, रस्त्यावरच्या माणसांच्या टोप्या, सगळं खाली दिसत होतं.

"ह्या गाडीले मरन नाई," तो खाली उतरून केशवरावाला म्हणाला. "डोये बांधून खोलतो मी इले. भाजी तर नेऊच, संग तूर नेऊ, सरकी नेऊ."

"मंग झालं तं," केशवराव म्हणाला. "पन अमरावतीची पाहाची म्हनलं होतं ना?"

अमरावतीला वामनराव नावाच्या माणसाचा सोड्याचा कारखाना बंद पडला होता आणि बाटल्या पोचवायची त्याची लहान गाडी विकायची होती. शब्द दिला होता म्हणून दोघं गेले. गाडी दोनच वर्षांची, नीट ठेवलेली. देवमन तिच्यात बसला तर गुडघे स्टिअरिंगच्या चाकाला लागले. त्यानं ती बडनेऱ्याच्या रस्त्यानं थोडी पुढं नेऊन परत आणली. वाटेत एक सायकलवाला बराच वेळ शेजारून चालला होता आणि त्याचं डोकं अगदी देवमनच्या डोक्याच्या उंचीला होतं.

"कशी वाटली?" वामनरावानं विचारलं.

"चांगली हाये," देवमन म्हणाला आणि केशवरावाकडे वळून हळूच म्हणाला, "गाडी हाये का पेटी? चाला."

खुशालराव देवमनला जुन्या काळापासून ओळखत होता. पैसे देण्याआधी एक फेरी मारून पाहायला त्यानं ट्रक दिला. केशवरावानं गावातल्या माळ्यांना निरोप धाडले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवमन ट्रक घेऊन नदीकाठच्या मळ्यांकडे निघाला. क्लिनर ठेवायची ऐपत नव्हती, म्हणून माल चढवायला, उतरवायला पंचफुलानं सोबत राहायचं असं घरात ठरलंच होतं. ती मागं हौद्यात उभी होती.

पहिल्याच मळ्याच्या पांदणीत ट्रक अडला. दोन्ही बाजूंनी बाभळी, मध्ये बंडीपुरती वाट. देवमननं मागं घेतला, पुढं घातला, एक फांदी मोडली, पण ट्रक आत गेला नाही. शेवटी तो रस्त्यावरच उभा करून त्यानं भोंगा वाजवला. मग मळ्यातल्या बाया डोक्यावर डाल्या घेऊन पांदणीतून येऊ लागल्या. सगळ्यांत पुढं केशवरावाची भावजय माणिकबाई, साठीची बाई. मागचा फाळका पाडला तरी हौदा तिच्या छातीच्या वर येत होता. तिनं डाली उचलली, कडेला टेकवली, पण आत सरकवता येईना. पंचफुला वरून ओणवी होऊन ओढायची. तीनचार डाल्या अशा गेल्या. पाचवी कलंडली आणि टमाटे धुळीत पसरले.

फौजेत ड्रायव्हर माल चढवत नसे. त्या सवयीनं देवमन आपल्या जागेवर बसून आरशातून हे पाहत होता. टमाटे सांडले तेव्हा तो उतरला आणि उरलेल्या डाल्या त्यानं स्वतः वर टाकल्या. असं चार मळ्यांत झालं. अकोल्याच्या बाजारात पोचले तेव्हा बंड्या कधीच येऊन गेल्या होत्या आणि अडत्यानं खालच्या थरातली चेंबलेली वांगी बाजूला काढून ठेवली.

"पहिला दिवस हाये," बाजारात वाट पाहत थांबलेला केशवराव म्हणाला. "बसते बसते घडी."

संध्याकाळी पंचफुला भाकरी थापत होती. तिचे दोन्ही खांदे भरून आले होते. एका हातानं पीठ दाबताना ती मध्येच थांबायची. देवमन चुलीजवळ बसला होता.

"तुमी हे गाडी कोनासाठी घेऊन रायले?" तिनं विचारलं.

"कोनासाठी म्हंजे? धंद्यासाठी."

"धंद्यात मी हावो, माणिकबाई हाये. आमचा हातच पोचत नाई तिले."

"तुले गाडीतलं काय समजते?" देवमनचा आवाज चढला. "त्या पेटीत बसून मी भाजी विकत फिरू? सायकलवाला डोयाले डोया देते तिथीसा!"

पंचफुलानं तव्यावरची भाकरी उलटली.

"उंच बसाले पायजे तुमाले," ती म्हणाली. आवाजात टोमणा नव्हता.

देवमनला आधी राग आला, मग तो आला तसा गेलाही. त्यानं विस्तवाकडे पाहिलं.

"हो, पायजे," तो म्हणाला. "फौजेत त्या जागेवर बसलो की कोनी जात इचारत नव्हतं. ड्रायव्हर म्हनत. गावात आलो तं पुन्हा ज्याच्या त्याच्या ओट्याखाली उभा. धर्म बदलला, आमी बदललो, गाव थेच. वर बसलो की लोकायले मान वर करा लागते. मले थे पायजे."

हे त्यानं तिलाच काय, कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. भाकरी टोपल्यात टाकून तिनं हात झटकले.

"मंग थेच घ्या," ती म्हणाली. "मी फेकत जाईन डाल्या. होते सवय."

ती खरोखरच फेकत गेली असती, हे देवमनला माहीत होतं. दुसऱ्या दिवशीही, वर्षानंतरही, तक्रार न करता. त्यानं जेवण केलं आणि उठून अंगणात गेला. ती भांडली असती तर त्याला ट्रक घेणं सोपं गेलं असतं.

सकाळी त्यानं ट्रक खुशालरावाच्या आवारात नेऊन लावला आणि केशवरावाला गाठलं.

"अमरावतीची घेऊ."

"पेटी?" केशवराव चकित झाला. "तूच तं म्हने..."

"म्हनलं मी. चुकलं. पांदनीत जाईन अशी पायजे अन् बायायचा हात पोचला पायजे. ह्या ट्रकात माहं मन अडकलं होतं, धंद्याचं काही नव्हतं त्यात."

केशवरावानं फार खोदून विचारलं नाही. दोघं अमरावतीला गेले, व्यवहार झाला. निघताना केशवरावानं पुढच्या चाकासमोर नारळ फोडला. देवमन बाजूला उभा राहिला. पुढं एकच बाक होता. केशवराव उघड्या दाराशी क्षणभर घुटमळला, मागच्या रिकाम्या हौद्याकडे त्याची नजर गेली. तेवढ्यात देवमननं इंजिन चालू केलं.

"सरक थोडा," केशवराव म्हणाला आणि आत बसला. मूर्तिजापूरपर्यंत दोघांचे गुडघे एकमेकांना लागत होते.

लहान गाडी पांदणीतून थेट विहिरीपाशी जाऊ लागली. फाळका पाडला की हौदा बायांच्या कमरेशी यायचा. माणिकबाई डाली नुसती सरकवायची. बाजारात माल बंड्यांच्या आधी पोचायचा. सगळंच सुरळीत झालं असं नाही. पहिल्या पावसाळ्यात चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा मोडून दोन आठवडे गाडी उभी राहिली, आणि तूर न्यायचा देवमनचा बेत बारगळला तो बारगळलाच. हमरस्त्यावर एखादा मोठा ट्रक खेटून पुढं गेला की त्याच्या मनाला अजून थोडं लागायचं. पण बाकावर आता पंचफुला बसायची, आणि एका बाईला मालाच्या गाडीत पुढं बसलेली पाहून बाजारातले हमाल पहिले काही दिवस हसले, मग त्यांना सवय झाली.

दिवाळीच्या सुमारास गाडीला रंग दिला. पेंटर श्रावण ब्रश घेऊन तयार उभा होता. काचेवरच्या पाटीवर काय लिहायचं, यावर गाडं अडलं. केशवरावाला आपल्या कुलदेवीचं नाव हवं होतं, देवमनला 'जय भीम'. दोघंही आडून आडून बोलत होते, कुणीच माघार घेईना. रंग वाळू लागला.

"काहून खोळंबले?" डाल्या धुऊन आलेल्या पंचफुलानं विचारलं. भांडण ऐकून ती म्हणाली, "कुठून कुठी जाते थे लिवा ना. लोकायले माल पाठवाचा हाये का पूजा कराची हाये?"

श्रावणनं दोघांकडे पाहिलं. दोघांनीही नाही म्हटलं नाही, तेव्हा त्यानं ब्रश बुडवला आणि पिवळ्या अक्षरांत लिहिलं: बाळापूर–अकोला. त्याखाली, केशवरावाच्या सांगण्यावरून, लहान अक्षरात: रोज सकाळी.