चित्रं राहिली पनवेलला

माझी नणंद वेणू उरणला सुकी मासळी विकते. तिच्या दिराच्या मुलीच्या हळदीला मी चार बायांसमोर बोलून बसले, की आमच्या विनितानं पनवेलच्या आमच्या मासळीसाठी कॉम्प्युटरवर जे दुकान केलंय, तसंच तुम्हालाही रविवारच्या आत लावून देते. माझ्या शब्दावर त्या बायांनी व्यापाऱ्याला सुक्या कोळंबीचे सोडे द्यायचे थांबवले. व्यापारी रविवारी टेम्पो घेऊन येणार. तोवर दुकान उघडलं नाही, तर माल तो म्हणेल त्या भावानं जाणार आणि उरणच्या बंदरावर माझ्या नावानं शिमगा होणार.

विनिता माझी सून. शिकलेली, पगारदार, तोंडानं गोड. तिनं ते दुकान पायथन नावाच्या कसल्याशा भाषेत लिहिलंय. पनवेलजवळच्या करंजाड्याच्या इमारतींतली माणसं त्यावर मासळी मागवतात, आणि आम्ही बाया चित्रावर बोट ठेवून माल आहे की संपला ते कळवतो. मला अक्षर अक्षर जुळवून वाचावं लागतं. उरणच्या बायांना तेवढंही येत नाही. म्हणून चित्रं.

"आई, सोपं आहे," विनिता म्हणाली. "आपलं दुकान बांधून एक पुडकं करते आणि पाठवते. जीवन तिकडे लावेल." जीवन वेणूचा मुलगा, द्रोणागिरीच्या एका गोदामात कॉम्प्युटरवर बसतो.

गुरुवारी पुडकं गेलं. संध्याकाळी वेणूचा फोन आला.

"वयनी, उघडलं तुझं दुकान. पांढरं पान हाय आणि त्यावर इंग्रजीत शिव्या."

विनितानं लॅपटॉप माझ्यापुढे धरला. "माझ्याकडे तर चालतंय."

"मग गिराईक तुझ्या मांडीवर आणून बसवू?"

जेवण गार झालं तेव्हा तिला चूक सापडली. पुडकं बांधताना यंत्र आपणहून फक्त कोड उचलतं. पान कसं दिसायचं त्या फाइली, चित्रं, हे काही कोडमध्ये धरत नाहीत. सोबत आणखी काय न्यायचं ते वेगळ्या फाइलीत लिहून द्यावं लागतं, आणि बाईसाहेबांनी ती फाइलच केली नव्हती. तिच्या लॅपटॉपवर सगळं बाजूलाच पडलेलं, म्हणून तिथं चालत होतं.

शुक्रवारी दुसरं पुडकं गेलं. आता पान दिसलं, मासळीची नावं दिसली, आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन.

"बाया इचारतात, कुठल्या चौकोनात सोडे आणि कुठल्यात बोंबील," वेणू म्हणाली. "मी सांगितलं, वयनीला ठाव."

मी विनिताकडं बघितलं. ती म्हणाली, "पानांचं लिहिलं आई, चित्रांचं राहिलं. घाईत वाटलं, चित्रं नसली तरी दुकान चालतं."

"कुणाचं चालतं? तुझा तो कोड आमच्यातल्या कुणी डोळ्यानं बघितलाय का? तू ज्याला वरवरचं समजतेस तेवढंच आमाला दिसतं."

तिनं लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "कोऱ्या कॉम्प्युटरवर लावून बघायला हवं. जिथं माझं काहीच नाही."

"हे सुचायला उरणच्या बाया लागल्या."

माझ्या मुलाचा, कुंदनचा, जुना कॉम्प्युटर माळ्यावरून उतरवला. तिसरं पुडकं आधी त्यावर उघडलं. चित्रं आली. शनिवारी दुपारी ते उरणला गेलं आणि मी पाय पसरले, तोच फोन. वेणूचा आवाज गोड होता. तिचा आवाज गोड झाला की मला धडकी भरते.

"वयनी, सगळं आलं. तूपण आलीस."

"मी कुठं?"

"परत्येक चित्रात तुझा हात, तुझ्या पाटल्या, मागं तुझ्या दुकानाची पाटी. बाया म्हणतात, आमाला वयनीनं कामाला ठेवलं का? असल्या दुकानात त्या माल मांडणार नाय."

विनितानं कपाळाला हात लावला. "सगळीच चित्रं घे म्हणून लिहिलं मी. आपली वगळायला हवी होती. दुकानात ज्यानं त्यानं आपापली टाकायची सोय आहे."

"आधी काहीच नेत नव्हतीस. आता सासूला उचलून पोचवलीस."

खोटं कशाला सांगू, राहू दे माझा हात, असं मला वाटलं. वेणूच्या टोपलीपेक्षा तो बरा दिसतो. पण सकाळी टेम्पो येणार होता.

रविवारी पहिल्या एसटीनं विनिताला घेऊन उरण गाठलं. वेणूच्या ओट्यावर एकेका बाईला बसवलं, विनिता फोनवर फोटो काढत गेली.

"वेणू, सोडे पुढं धर. बांगड्या नको दाखवूस."

"तुझ्या पाटल्या चालतात, माझ्या बांगड्या नाय?"

जीवननं चित्रं चढवली, विनितानं आमच्या गिऱ्हाइकांना नव्या दुकानाचा पत्ता पाठवला. बाया आपापली टोपली ओळखून बोट ठेवायला लागल्या, आणि करंजाड्याहून मागण्या येऊ लागल्या. टेम्पो आला तेव्हा वेणू ओट्यावरून उठलीसुद्धा नाही.

"आज माल दुसऱ्याला बोललाय, दादा."

तो रिकामा टेम्पो घेऊन गेला. वेणू माझ्याकडं वळली. "वयनी, पुढल्या टायमाला आधी मला इचार, मग शब्द दे."

"इचारलं असतं तर सोडे त्या टेम्पोत असते."

त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. विनिता मान खाली घालून फोनमध्ये बघत होती. हसत होती, मी बघितलं.